शत्रुप्रेम आणि राष्ट्रनिष्ठा

२१ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्लेन्डेल येथे एका प्रचंड क्रीडागारात शोकसभा भरली होती. चार्ली कर्क ह्या उजव्या विचारांच्या तरुण प्रचारकाची त्याच महिन्याच्या १० तारखेस यूटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात गोळी घालून हत्या झाली होती. आपल्या पतीचा जीव घेतल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्या तरुणाला आपण क्षमा करीत आहोत, असे कर्क ह्यांच्या पत्नीने त्या सभेत जाहीर केले, आणि ह्या क्षमेचे कारण म्हणून ख्रिस्ताचेच नाव घेतले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बोलावयास उभे राहिले. कर्क आपल्या विरोधकांचा द्वेष करीत नसत, परंतु येथेच आपला त्यांच्याशी मतभेद आहे. आपण विरोधकांचा द्वेष करतो आणि त्यांचे भले व्हावे अशी आपली मुळीच इच्छा नाही, असे त्यांनी सांगितले. एकाच व्यासपीठावर, एकाच धर्माच्या नावाने जमलेल्या एकाच समुदायासमोर ही दोन्ही वक्तव्ये झाली आणि त्या समुदायाने दोन्हींना दाद दिली.

हा प्रसंग पहिला नव्हे. वॉशिंग्टनमध्ये १९५३ सालापासून दरवर्षी राष्ट्रीय प्रार्थनेचा म्हणून एक न्याहारी-समारंभ होत आला आहे व त्यास राष्ट्राध्यक्ष हजेरी लावतात. ६ फेब्रुवारी २०२० च्या समारंभात आर्थर ब्रूक्स ह्या अभ्यासकाने शत्रूवर प्रेम करण्याच्या ख्रिस्ताच्या आज्ञेवर व्याख्यान दिले. आदल्याच दिवशी सेनेटने महाभियोगातून मुक्त केलेले ट्रम्प त्यानंतर उठले आणि आपल्याला हे म्हणणे पटतेच असे नाही, अशी सुरुवात करून त्यांनी आपल्या विरोधकांवर तोंडसुख घेतले.

ह्या दोन्ही प्रसंगांचे खापर एका व्यक्तीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तसे करण्यात स्वतःची फसवणूक आहे. ट्रम्प ह्यांनी जे उघडपणे म्हटले ते राष्ट्रे मुकाट्याने आचरीतच असतात. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा देवळात वाचली जावी, शोकसभेत उच्चारली जावी, विधवेच्या मुखातून ऐकून डोळे पुसावेत, इथवर कोणत्याही राज्यसंस्थेची हरकत नसते. हीच आज्ञा घेऊन कोणी सैन्यभरतीच्या कचेरीत, कारखान्याच्या फाटकाशी किंवा पंगतीतून वगळल्या गेलेल्यांच्या बाजूने उभा राहिला, की मात्र त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते. ही आज्ञा आणि राष्ट्राचे राजकारण ह्यांतील विरोधाचे खरे स्थान येथे आहे. समाजवादी कार्यकर्त्याने, मग तो आस्तिक असो वा नास्तिक, त्याचा विचार करावा असे बरेच काही त्यात आहे.

आज्ञेचा मूळ संदर्भ

मत्तय आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत ही आज्ञा येते. ती ज्यांना उद्देशून दिली गेली ते लोक रोमन साम्राज्याच्या टाचेखाली भरडले जात होते. रोमन शिपाई रस्त्यातल्या कोणाही माणसाला धरून त्याच्या खांद्यावर आपले ओझे देऊ शके. करवसुली करणारे त्याच समाजातले, पण परक्या सत्तेचे हस्तक असत. म्हणजे ज्याच्यावर प्रेम करावयाचे तो वैरी केवळ बांधावरून भांडणारा शेजारी नव्हता. तो सत्ताधारी होता, परकीय होता आणि सशस्त्र होता. त्या परिस्थितीत सशस्त्र उठाव हा एक मार्ग होता आणि निमूट शरणागती हा दुसरा. ख्रिस्ताने सांगितलेला मार्ग ह्या दोहोंहून वेगळा होता. तो जन्मतः राजकीय होता असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मास रोमन सम्राटाचा आश्रय मिळाला आणि त्याच शतकाच्या अखेरीस तो साम्राज्याचा अधिकृत धर्म बनला. कालपर्यंत छळले जाणारे लोक राज्यकर्ते झाले आणि त्यांच्यापुढे सीमा, सैन्य व शत्रू हे प्रश्न उभे राहिले. धर्मशास्त्र्यांनी त्यातून वाट काढली. न्याय्य युद्धाची कल्पना मांडली गेली. खासगी जीवनात क्षमा करावी, सार्वजनिक जीवनात राजाच्या आज्ञेने शस्त्र धरावे, अशी विभागणी झाली. ही विभागणी इतकी सोयीची ठरली, की पहिल्या महायुद्धात एकाच ख्रिस्ताची प्रार्थना करणाऱ्या राष्ट्रांचे धर्मगुरू आपापल्या बाजूंच्या तोफांना आशीर्वाद देत होते. डिसेंबर १९१४ मध्ये पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी इंग्रज व जर्मन शिपायांनी नाताळनिमित्त आपणहून गोळीबार थांबवला आणि खंदकांबाहेर येऊन एकमेकांचे हात हाती घेतले, तेव्हा दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांना ही गोष्ट शत्रूच्या हल्ल्याइतकीच धोक्याची वाटली, ह्यातच सारे आले.

ह्या विभागणीला विसाव्या शतकात सर्वांत भक्कम तात्त्विक आधार देणारा लेखक एके काळी समाजवादी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राइनहोल्ड नीबूर ह्यांनी अमेरिकेच्या समाजवादी पक्षाच्या उमेदवारीवर निवडणूक लढवली होती. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की व्यक्ती नीतीने वागू शकते, परंतु वर्ग, वंश व राष्ट्रे ह्यांचे व्यवहार स्वार्थावर व सत्तेवर चालतात. प्रेमाच्या उपदेशाने कोणताही वर्ग आपले विशेषाधिकार सोडीत नाही, त्यासाठी दडपणच आणावे लागते. हे निदान चुकीचे आहे असे कोणताही प्रामाणिक समाजवादी म्हणणार नाही. परंतु त्याच ग्रंथात नीबूर ह्यांनी गांधीजींच्या चळवळीचा विचार करून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची मुक्तता कदाचित अशाच तंत्राने साधेल, असाही कयास केला होता. प्रेम आणि दडपण ह्यांची सांगड घालता येईल काय, हा प्रश्न तेथे उभा राहिला. पुस्तकाने त्याचे उत्तर दिले नाही. ते पुढे काही माणसांनी आपल्या आयुष्याने दिले. त्यांपैकी एकाच्या आयुष्याची तीन वर्षे नागपुरात गेली होती.

तुरुंग आणि नागपूर

जेम्स लॉसन ह्यांचा जन्म १९२८ सालचा. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला आणि ओहायो राज्यातील एका औद्योगिक गावात वाढलेला हा मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणी एका गोऱ्या मुलाने वंशावरून शिवी दिली तेव्हा त्याने त्या मुलाच्या थोबाडीत मारली. घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा आईने पाठ फिरवलेलीच ठेवून, त्याने काय साधले, एवढेच विचारले. हा प्रश्न आपल्याला जन्मभर पुरला असे लॉसन पुढे सांगत असत.

महाविद्यालयात असताना शांततावादी व कामगार चळवळीतील नेते ए. जे. मस्टी ह्यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. कोरियाचे युद्ध सुरू झाले. लष्करी सेवेच्या सक्तीचा कायदा होताच. विद्यार्थी म्हणून किंवा होऊ घातलेला धर्मोपदेशक म्हणून लॉसन ह्यांना सवलत घेता आली असती. कायद्याने ती देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली, कारण सवलत घेणे म्हणजे ती आज्ञा पुरोहितांपुरती आहे आणि बाकीच्यांनी बंदूक धरावी हे मान्य करणे. १९५१ साली त्यांना शिक्षा झाली आणि सुमारे तेरा महिने त्यांनी तुरुंगात काढले. हे साल लक्षात घेतले पाहिजे. साम्यवादाच्या भीतीने त्या देशाला त्या काळी पछाडले होते, आणि कोरियातील शत्रूवर बंदूक रोखण्यास नकार देणारा कृष्णवर्णीय तरुण दुहेरी संशयास पात्र होता.

तुरुंगातून सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट मिशनच्या वतीने ते नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात आले. विद्यार्थ्यांमध्ये धर्मकार्य आणि खेळांचे शिक्षण असे त्यांचे काम होते. परंतु त्यांच्या येण्यामागे गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्या भूमीत राहून अभ्यास करावा, ही ओढ होती. त्या दिवसांचे नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. आणि त्याच शहरात, त्याच काळात, त्या राज्याच्या सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९५६ मध्ये तिचा अहवाल बाहेर पडला. परदेशी पैशाच्या बळावर होणाऱ्या धर्मांतरामुळे लोकांची राष्ट्रनिष्ठा ढिली पडते, हे त्या अहवालाचे एक मुख्य सूत्र होते.

मिशनऱ्यांच्या काही पद्धतींविषयी रास्त तक्रारी होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. दारिद्र्याचा फायदा घेऊन केलेला धर्मप्रसार कोणत्याच समाजवाद्याला मान्य होणार नाही. तरीही ह्या योगायोगातील विरोधाभास लक्षणीय आहे. ज्या माणसाला त्याच्या स्वतःच्या ख्रिस्ती देशाने राष्ट्रनिष्ठा कमी पडली म्हणून तुरुंगात टाकले होते, तो माणूस दुसऱ्या देशातील ज्या शहरात वावरत होता, तेथे ख्रिस्ती धर्मच राष्ट्रनिष्ठेला बाधक ठरतो की काय ह्याचा शोध चालू होता. राष्ट्र कोणत्याही रंगाचे वा धर्माचे असो, आपल्याहून मोठी निष्ठा त्याला सहन होत नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकात लॉसन ह्यांनी मॉन्टगोमेरी शहरातील बसबहिष्काराची बातमी वाचली. मार्टिन ल्यूथर किंग नावाच्या तरुण धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजारो कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष पायी कामावर जात होते. ज्याच्या शोधात आपण इथवर आलो ते आपल्या मायदेशीच सुरू झाले, हे त्यांनी ओळखले. १९५६ साली ते परतले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. अपमानित मनुष्याने आपले माणूसपण कोणत्या वाटेने परत मिळवावे, ह्या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे त्या एका शहराशी अशी जोडली गेली आहेत.

प्रेमाची तालीम

फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन येथे किंग आणि लॉसन ह्यांची भेट झाली. दोघांचे वय एकच, विचार एकच. शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत येईन, असे लॉसन म्हणाले; थांबू नका, आत्ताच या, असे किंग ह्यांनी सांगितले. लॉसन नॅशव्हिल येथे गेले आणि १९५८ पासून एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. डायान नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफाएट हे पुढे प्रसिद्धीस आलेले कार्यकर्ते तेथे तयार झाले.

त्या तळघरात काय चालत असे? विद्यार्थी आळीपाळीने गोरे गुंड व सत्याग्रही बनत. एकाने खुर्चीवर बसावयाचे, दुसऱ्याने त्याला शिव्या द्यावयाच्या, ढकलावयाचे, जमिनीवर पाडावयाचे. पडल्यावर डोके कसे वाचवावे, शेजाऱ्यावर मार पडू लागला तर आपले अंग मध्ये कसे घालावे, मारणाऱ्याच्या डोळ्यांना डोळा कसा भिडवावा, ह्या साऱ्याची तालीम होई. ज्याला आपला राग आवरणार नाही असे वाटे त्याने पुढे न जाता निरोप पोचवण्याचे, वाहनांचे किंवा जामिनाचे काम घ्यावे, असे सांगितले जाई. शत्रुप्रेम ही मनाची उमाळ्याची अवस्था असते असे मानणाऱ्यांनी हे तळघर डोळ्यांपुढे आणावे. ते प्रेम कवायतीने शिकावे लागत होते, जसे शिपाई बंदूक चालवण्यास शिकतो.

त्या शहरातील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी पैसे देऊन कपडे घ्यावेत, भांडी घ्यावीत, ह्यास मज्जाव नव्हता. त्याच दुकानांतील उपाहारगृहात बसून खाण्यास मात्र बंदी होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे झाले ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या बंदीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. १३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी त्या उपाहारगृहांत जाऊन बसले. २७ फेब्रुवारीस त्यांच्यावर हल्ला झाला. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या ८१ जणांना अटक केली. त्या दिवसांतील एका प्रसंगी कातडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन ह्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन ह्यांनी त्याच्याकडे रुमाल मागितला. गोंधळलेल्या त्या तरुणाने रुमाल दिला. तोंड पुसून तो परत करताना लॉसन ह्यांनी त्याला, त्याच्याकडे मोटारसायकल आहे काय, असे विचारले आणि दोघे यंत्रांविषयी बोलत राहिले. थुंकणारा माणूस आणि त्याला थुंकावयास शिकवणारी व्यवस्था ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व त्या रुमालाच्या देवघेवीत होते.

मार्चच्या आरंभी लॉसन ह्यांना त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकले. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला ख्रिस्ताची आज्ञा शब्दशः पाळल्याबद्दल ही शिक्षा मिळाली. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागातील अनेक अध्यापकांनी राजीनामे दिले. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, २००६ साली, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने अध्यापनास बोलावले.

अर्थशास्त्राची बाजू

ह्या लढ्याकडे केवळ नैतिक चमत्कार म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. विद्यार्थी उपाहारगृहात मार खात असताना शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या तोंडावर त्या दुकानांवर बहिष्कार घातला. ईस्टर हा तेथे नव्या कपड्यांच्या खरेदीचा हंगाम, म्हणजे आपल्याकडील दिवाळीच. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक गेले. दंग्याच्या भीतीने गोरे गिऱ्हाईकही फिरकेनासे झाले. दुकानदारांच्या गल्ल्याला झळ लागली. १९ एप्रिलच्या पहाटे चळवळीच्या वकिलांच्या घरावर बाँब टाकण्यात आला, आणि त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा मुकाट्याने नगरभवनावर गेला. केवळ वर्णावरून भेद करणे योग्य आहे काय, असा प्रश्न डायान नॅश ह्या विद्यार्थिनीने नगराध्यक्ष बेन वेस्ट ह्यांना सर्वांसमक्ष विचारला, आणि ते योग्य नाही हे त्यांनी मान्य केले. १० मे रोजी काही दुकानांची उपाहारगृहे सर्वांना खुली झाली.

येथे नीबूर ह्यांचे निदान खोटे ठरले नाही. दडपणावाचून कोणीही हटले नाही. परंतु त्या दडपणाचे स्वरूप असे होते, की हरणाऱ्याला माघार घेताना आपले माणूसपण गमवावे लागले नाही. नगराध्यक्षाला आपली चूक चारचौघांत कबूल करता आली, कारण समोरचे लोक त्याला नष्ट करावयास आलेले नव्हते. बहिष्काराने हितसंबंधांना हात घातला आणि प्रेमाने परतीचा रस्ता उघडा ठेवला. ह्यांतले एक दुसऱ्यावाचून अपुरे पडले असते. आचार्य जावडेकरांनी सत्याग्रही समाजवाद म्हणून जी भूमिका मराठी वाचकांपुढे मांडली होती, तिचा आशय ह्याहून फारसा वेगळा नव्हता. डॉ. लोहियांनी १९५१ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील कृष्णवर्णीयांपुढे सविनय कायदेभंगाचा विचार ठेवला होता, आणि मे १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे वर्णबंदी पाळणाऱ्या उपाहारगृहात जाण्याचा आग्रह धरून स्वतः अटक करवून घेतली होती, ह्याचेही स्मरण येथे ठेवावे.

राष्ट्राची सीमा ओलांडल्यावर

देशांतर्गत वर्णभेदाविरुद्धचा लढा काही वर्षांनी का होईना, अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी आपलासा केला. १९६४ व १९६५ चे नागरी हक्कांचे व मताधिकाराचे कायदे झाले. किंग ह्यांना १९६४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच देशातील गोऱ्यांवर कृष्णवर्णीयांनी प्रेम करावे, हे राष्ट्राला पचले. ते सोयीचेही होते. खरी कसोटी पुढे होती. लॉसन १९६५ साली शांततावाद्यांच्या पथकासह व्हिएतनामला जाऊन आले. ४ एप्रिल १९६७ रोजी किंग ह्यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याने शत्रूंवर इतके प्रेम केले की त्यांच्यासाठी प्राण दिला, मग व्हिएतनामी साम्यवाद्यांचा विचार त्या श्रद्धेतून वगळावयाचा कसा, असा त्यांचा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाची किंमत त्यांना ताबडतोब मोजावी लागली. काल त्यांचा गौरव करणाऱ्या उदारमतवादी वृत्तपत्रांनी त्यांना अग्रलेखांतून खडसावले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्याशी असलेले त्यांचे संबंध तुटले. नागरी हक्कांच्या चळवळीतील जुन्या सहकाऱ्यांनी हा विषय आपला नव्हे असे जाहीर केले. शत्रू जोपर्यंत राष्ट्राच्या आतला होता तोपर्यंत त्याच्यावरील प्रेम ही थोरवी होती. तो राष्ट्राचा शत्रू झाला तेव्हा तेच प्रेम विश्वासघात ठरले. हाच नियम सर्व देशांत चालतो. युद्धाच्या काळात पलीकडच्या देशातील माणसेही माणसे आहेत, एवढे म्हणणाऱ्याला कोणती विशेषणे मिळतात, ह्याचा अनुभव भारतीय उपखंडातील दोन्ही बाजूंच्या शांतताप्रेमींना पुरेसा आहे.

मेम्फिसचे सफाई कामगार

लॉसन तोवर टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे धर्मोपदेशक झाले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा शोधणारे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतील दाबयंत्रात सापडून ठार झाले. १२ फेब्रुवारीस सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. हे जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होते. पूर्णवेळ राबूनही त्यांपैकी अनेकांचे उत्पन्न इतके तुटपुंजे होते, की ते सरकारी गरीबमदतीस पात्र ठरत. त्यांची युनियन मान्य करण्यास नगराध्यक्षाने साफ नकार दिला. मी माणूस आहे, एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात घालून हे कामगार रोज मोर्चाने निघत. संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्षपद लॉसन ह्यांच्याकडे आले, आणि त्यांच्याच निमंत्रणावरून किंग मेम्फिसला आले. रिव्हरसाइडच्या भाषणाला एक वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, तेथे त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला संप मिटला. युनियनला मान्यता मिळाली.

किंग ह्यांच्या हत्येबद्दल जेम्स अर्ल रे ह्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली. लॉसन तुरुंगात त्याला भेटत राहिले. हत्येच्या खटल्यात संपूर्ण सत्य बाहेर आलेले नाही, अशी त्यांची धारणा होती, हेही त्यामागे होते. परंतु १९७८ साली रे ह्याने तुरुंगात विवाह केला तेव्हा त्याचे पौरोहित्य लॉसन ह्यांनी केले, ह्याचा उलगडा केवळ त्या धारणेने होत नाही. ज्या मित्राला आपण त्या शहरात बोलावून आणले, त्याच्या खुनाची शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या विवाहात उभे राहून आशीर्वाद देणे, हे कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमात बसणारे कृत्य नाही.

पुढे लॉसन लॉस एंजेलिसला गेले. तेथे हॉटेलांतील खोल्या झाडणाऱ्या आणि इमारती साफ करणाऱ्या कामगारांच्या, म्हणजे मुख्यतः परदेशांतून आलेल्या गरीब स्त्रीपुरुषांच्या संघटनांना ते अहिंसक लढ्याचे तंत्र शिकवीत राहिले. तेथील विद्यापीठाच्या कामगार केंद्राच्या इमारतीस २०२१ साली त्यांचे नाव देण्यात आले. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक रास्त आक्षेप

ह्या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. शत्रूवर प्रेम करा असे नेहमी कोणाला सांगितले जाते? मार खाणाऱ्याला. जमीनदाराने कुळावर, सवर्णाने दलितावर, मालकाने मजुरावर प्रेम करावे म्हणून कोणी देशभर हिंडत नाही. पीडिताने मात्र क्षमाशील असावे, अशी अपेक्षा सर्वांचीच असते. हृदयपरिवर्तनाच्या भाषेवर डॉ. आंबेडकरांचा विश्वास नव्हता. त्यांनी हक्क, कायदा आणि संघटना ह्यांवर भर दिला, तो ह्याच अनुभवातून. बलवानाने दुर्बलाला प्रेम शिकवणे ही दांभिकता आहे आणि धर्माच्या नावाने ती शतकानुशतके चालत आली आहे.

परंतु हा आक्षेप ज्या प्रेमावर आहे ते लॉसन ह्यांचे प्रेम नव्हे. त्यांनी कोणालाही घरी बसून क्षमा करण्यास सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते उपाहारगृहात जाऊन बसावयास, बहिष्कार घालावयास, संप पुकारावयास. हक्क, कायदा आणि संघटना ह्यांपैकी एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही. सोडला तो एवढाच हक्क, की समोरच्या माणसाला माणूस न मानण्याचा. आणि हा हक्क सोडण्याचा निर्णय पीडितांनी स्वतः, तालमीअंती, डोळे उघडे ठेवून घेतला होता. दुसऱ्या कोणी तो त्यांच्यावर लादला असता, तर ते प्रेम राहिले नसते.

ग्लेन्डेलच्या सभेतील विधवेच्या क्षमेविषयीही ह्याच कसोटीवर बोलावे लागेल. तिच्या पतीची मते समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. तरीही तिचे शब्द तिच्या स्वतःच्या दुःखातून आलेले होते, आणि त्यांचा आदर केलाच पाहिजे. दोष त्या राजकारणाचा, ज्याने त्या क्षमेला खासगी अलंकाराप्रमाणे मिरवले आणि क्षणभराने द्वेषालाही तेवढ्याच टाळ्या दिल्या. जी क्षमा राजकारणाला काहीच विचारीत नाही, तिचा राजकारणाला काहीच जाच होत नाही.

समाजवादी चळवळीनेही ह्या आरशात स्वतःचे तोंड पाहावे. वर्गसंघर्ष म्हणजे वर्गद्वेष नव्हे, असे अभ्यासवर्गांतून नेहमी सांगितले जाते. परंतु निवडणुकीच्या सभेत, युनियनच्या भांडणात आणि पक्षफुटीच्या वेळी त्याचे भान किती राहते? ज्यांचा द्वेष केला ते सत्तेवरून गेले आणि द्वेष मात्र चळवळीतच मुक्कामाला राहिला, मग कालचे सहकारी आजचे वैरी झाले, हा अनुभव ह्या पक्षपरंपरेला नवा नाही. शत्रूचे भले व्हावे ही इच्छा आणि त्याच्या अन्यायाला तसूभरही जागा न देण्याचा निर्धार ह्या दोन्ही गोष्टी एका कार्यकर्त्यात नांदू शकतात. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. तालमीची मात्र गरज आहे, आणि शाखेच्या अभ्यासवर्गात तिच्यासाठी दर आठवड्याला एक तास काढणे कोणालाही अशक्य नाही.